बॉनेटवरची पाच बोटं

हसू नका म्हटलं की माणसं जास्तच हसतात, म्हणून मी ते म्हणतच नाही. तुम्ही आपला चहा बशीत ओता आणि ऐका. मी एक गाडी विकत घेतली. तोंडातून एक अक्षर न काढता! आणि कधी? तर 'ही गाडी घेऊ द्यायची नाही' एवढं एकच काम देऊन मला पाठवलं होतं, बरोब्बर त्याच दिवशी.

थांबा, नीट सांगते.

माझं माहेर अंबडचं. वडील कोर्टात कारकून. दिवसभर दोन्ही बाजूंचं ऐकून ते इतके थकून यायचे की घरी आल्यावर 'जेवायला वाढ' एवढंही हातानंच खुणावायचे. मी त्यांच्यावर गेले. लग्न होऊन हसनाबादला आले, तर सासरी माझ्या गप्प राहण्याचं भलतंच कौतुक. कमी बोलणाऱ्या माणसाला लोक उगाच शहाणं समजतात हो! मी ओट्यापाशी गप्प उभी असले की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारच्या कौसाबाईंना सांगायच्या, "विचार करून राह्यली पोरगी. खोल हाय."

खोल कसलं! मी कुकरच्या शिट्ट्या मोजत असायचे.

आणि गप्प राहिलं की होकार धरायचा, हा तर आपल्याकडचा न लिहिलेला कायदा. मला बघायला आले तेव्हाही असंच. "पोरी, पसंत हाय का?" असं विचारलं, मी खाली बघितलं, की लगेच पेढे फिरले. (पसंत होतेच. पण समजा नसते, तर? खाली बघायची दुसरी पद्धत मला माहीत नव्हती.)

तर हे, म्हणजे महेश. भोकरदनला ठिबकच्या पाइपांचं दुकान. माणूस सरळ, कष्टाळू, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. एकच वेड. दोन सीटांची, वरचा टप उघडणारी लाल गाडी. नवी घ्यायची तर शेत विकावं लागेल, म्हणून जुनी. कोण्या छोट्या कंपनीनं कधीकाळी आपल्याच देशात अशा थोड्याशा गाड्या केल्या होत्या म्हणे, साध्या माणसाला परवडाव्यात अशा. त्यातली एक जालन्याला एका बियाण्याच्या व्यापाऱ्याच्या गोदामात उभी आहे, असा फोटो यांच्या मोबाइलवर आला आणि आमच्या घरातली शांतता गेली.

"माय, बघ तरी!" हे मोबाइल आत्याबाईंच्या नाकासमोर धरून म्हणाले.

"बघितलं. मागची सीट कुठंय?"

"मागची सीट नसतीच हिला."

"मंग मी कुठं बसू? डिक्कीत?"

"डिक्की बी तशी न्हाई म्हणा…"

आत्याबाईंचं म्हणणं बिलकुल बराबर होतं. गुडघे गेलेले. आयुष्यभर त्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मागं बसून लग्नांना गेल्या. आता घरात चारचाकी येणारच आहे, तर तिला मागं ऐसपैस सीट असावी, पाय लांब करता यावेत, एवढीच त्यांची मागणी. त्यांनी मला स्वयंपाकघरात गाठलं. दार लोटलं. आमच्या घराला दारं आहेत, पण ती लावायची पद्धत नाही. त्यामुळे दार लोटलं म्हणजे मामला गंभीर.

"हे बघ पल्लवे. तो माझं ऐकत न्हाई. तुझ्या सासऱ्यांचं तर काय, जन्म बैलबाजारात गेला, चार चाकं दिसली तरी ते खूर बघायला जातात. पण तू बोललीस की महेश ऐकंल. तू बोलतच न्हाईस ना कधी, म्हणून! रविवारी जा त्यांच्यासंगं. गाडी बघा. आन् तू फकस्त एक शब्द बोल. 'न्हाई.' बस. बाकी मी बघते."

मी मान हलवली.

"माझा भरोसा हाय तुझ्यावर," असं म्हणून त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. चार महिन्यांची सून मी. त्या हाताचं वजन तुम्हाला सांगून कळायचं नाही.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? त्याच दिवशी गोठ्यापाशी यांनीही मला गाठलं होतं. "पल्लवी, घरात ये-जा करणारी माणसं बघतीस ना? आपण दोघं एका जागी दहा मिनिटं तरी बसलो का लग्नापासून? ह्या गाडीत तिसरा माणूस बसूच शकत न्हाई. बनवणारानंच तशी सोय केलीय!" आणि मी, खोल विचार करणारी पोरगी, त्या रात्री डोळे मिटून बघितलं की मी गॉगल लावून बसलेय, पदर वाऱ्यावर आहे आणि आमच्या मागच्या सीटवर कुणीही नाही, कारण मागची सीटच नाही.

पण शब्द तो शब्द. रविवारी सकाळी एसटीत आबांच्या शेजारी बसून मी मनातल्या मनात सराव सुरू केला. 'नाही.' 'नको, राहू द्या.' 'नाही हो, नको.' राजूर येईस्तोवर माझा सूर पक्का लागला होता.

आबा, म्हणजे सासरे, का आले होते? अहो, विकत घ्यायची वस्तू चालती असेल तर घरातलं मोठं माणूस सोबत पाहिजे, हा नियमच. पन्नास वर्षं बैलबाजार केलेला माणूस. त्यांच्या दृष्टीनं बैल काय नि गाडी काय, चालवून बघायची, दाबून बघायची आणि विकणाऱ्याच्या डोळ्यांत बघायचं.

जालन्याला मोंढ्याजवळ, म्हणजे धान्यबाजारापाशी, त्या व्यापाऱ्यांचं घर. पुढं घर, मागं गोदाम. सगळे त्यांना काका म्हणत, त्यांच्या बायकोला काकू. गोदामात सरकीच्या पोत्यांच्या मधोमध काहीतरी झाकून ठेवलेलं, वर मोरांची चादर. काकांनी ती अशी हळूच ओढली की मला माझाच बघण्याचा कार्यक्रम आठवला.

लाल. बुटकी. दोन डोळे वटारलेली. टप मागं दुमडलेला. हे तर पाया पडायचे बाकी राहिले.

आबांनी प्रदक्षिणा घातली. चाकं लाथेनं दाबली. मग बॉनेटवर बोटाच्या पेरानं वाजवून बघितलं. टप् टप्.

"काय हो, ही तर पाण्याची टाकी हाय!"

"फायबर हाय आबा," काका म्हणाले. "गंज चढत न्हाई."

"टाकीलाबी चढत न्हाई. टप लावा बघू."

"टप जरासा… अडकतोय. पण हवा लई मस्त लागती."

"आन् माणसं किती बसतात?"

"दोन," हे पुटपुटले.

आबांनी यांच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मग ते खाली वाकून टायर बघायला लागले. मला अचानक सरकीच्या पोत्यांवरची अक्षरं वाचावीशी वाटली.

'आता बोल पल्लवे,' मी स्वतःला म्हटलं. 'हीच वेळ.' मी घसा साफ केला. तेवढ्यात काकू आल्या.

"अगं बाई, नवी नवरी! हिला काहून उभं केलं इथं धुळीत? चल आत. पहिल्यांदा दारात आलीस, ओटी भरल्याशिवाय पाठवते काय मी?"

आता सांगा, ओटीला नाही म्हणता येतं का? मी आत गेले. बाहेर बोलणी सुरू झाली. आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि काकांच्या हातावर टाकला, एवढं मी जाता जाता बघितलं. बैलबाजारातली जुनी पद्धत. टॉवेलाखाली हात, हातात बोटं, कोणती किती दाबली ते दोघांनाच ठाऊक. तोंडानं दोघं पाऊसपाण्याचं बोलतात. हे बिचारे शेजारी उभे राहून टॉवेल कुठं हलतोय ते बघत होते.

आत काकूंनी पाटावर बसवलं. हळदीकुंकू लावलं, खण, गहू, नारळ ओटीत घातला, चमचाभर साखर तोंडात कोंबली. बाई भारी गोड. बोलण्यातून कळलं, की पोरगा पुण्याला गेला, गाडी इथंच टाकून गेला. "दोन वर्षं झाली, मला मिरच्या वाळवायला जागा न्हाई त्या गोदामात," काकू म्हणाल्या. मग मला उठवून त्यांनी हळदीकुंकवाचा करंडा माझ्या हातात दिला.

"जाता जाता गाडीलाबी लाव गं दोन बोटं. लक्ष्मीच्या हातचं लागू दे तिला."

हे बघा, इथं माझी चूक झाली. पण माझी बाजू ऐका. आमच्या अंबडच्या घरात दसऱ्याला सगळ्याला कुंकू लागतं. शिवणयंत्राला, मिक्सरला, वडिलांच्या पेनाला. एकदा तर आईनं गॅस सिलिंडरला लावलं होतं, तोही भरलेला नव्हता. नोकरदारांच्या घरात कुंकवाला कुठं हिशेब असतो? लावायचं, नमस्कार करायचा, पुढं जायचं. मला वाटलं, काकूंचं मन राखू. त्यात काय एवढं?

शेतकऱ्याच्या घरात कुंकू म्हणजे काय, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि मीही कधी विचारलं नव्हतं. गप्प माणसाला प्रश्नही पडत नाहीत ना!

मी करंडा घेऊन बाहेर आले. बघते तर आबा उभे. टॉवेल झटकून खांद्यावर टाकलेला, चपला पायात. काकाही उभे. हे भिंतीला टेकून, मान खाली. मला वाटलं, मी कुंकू लावायला येतेय म्हणून मंडळी अदबीनं उठून उभी राहिली. किती रीतीची माणसं!

खरं काय होतं, ते मला नंतर कळलं. व्यवहार मोडला होता! टॉवेलाखाली बोटं जुळली नव्हती. आबा नुकतंच "न्हाई जमत, राम राम," म्हणून उठले होते. म्हणजे जो शब्द मी अख्ख्या वाटेनं घोकत आले, तो आबांनी आपणहून बोलून टाकला होता! मला काही म्हणजे काही करायचं नव्हतं. नुसतं एसटीत बसून घरी जायचं होतं.

आणि मी काय केलं? मी बॉनेटपाशी गेले. पाची बोटं हळदीत बुडवून ठसठशीत उठवली. त्यावर कुंकू. करंडा एका हातात, ओटीचा नारळ दुसऱ्या हातात, पदर डोक्यावरून घसरतोय. हात मोकळा हवा म्हणून मी नारळ बॉनेटवर ठेवला. मग नमस्कार केला. मला नीट नमस्कार करायची सवय आहे.

वर बघितलं, तर हे भिंतीपासून सुटून ताठ उभे.

आधी काका बोलले. "आबा… सूनबाईनं नारळबी ठेवला हो."

आबांनी बॉनेटकडं बघितलं. पाच बोटांकडं बघितलं. मग गुपचूप चपला काढल्या आणि परत पोत्यावर बसले.

"काय करावं मंग," ते म्हणाले. "पन्नास वर्षं बाजार केला. घरच्या लक्ष्मीनं कुंकू लावलेलं जनावर सोडून कुणी माघारी गेलेलं बघितलं न्हाई. कुंकू लागलं की सौदा पक्का. जशी गत पोरींची, तशीच बैलांची. टाका टॉवेल."

मग थांबून मला विचारलं, "पोरी, मनापासून लावलं ना?"

आता! आता म्हणायचं होतं. 'नाही आबा, मला काकूंनी लावायला सांगितलं.' एक वाक्य. यांच्याकडं बघितलं, तर दहावीचा निकाल लागायच्या वेळी पोराचा चेहरा असतो तसा चेहरा. माझ्या तोंडात काकूंनी कोंबलेली साखर होती. मी सगळ्यांना हेच सांगते, की तोंडात साखर होती, म्हणून बोलता आलं नाही.

पण तुम्हीच सांगा, चमचाभर साखर विरघळायला किती वेळ लागतो? विरघळली. मी गिळली. आणि मग खाली बघितलं.

"झालं!" आबा म्हणाले. "खोल हाय पोरगी. तिला काहीतरी दिसलं असंल त्या गाडीत."

दाराशी काकू उभ्या होत्या. त्यांनी हे मुद्दाम केलं होतं का? मला आजही सांगता येत नाही. पण मोरांची चादर त्या घडी घालत होत्या आणि गोदामाच्या रिकाम्या होणाऱ्या जागेकडं अशा बघत होत्या, की मिरच्या आता अंथरल्याच समजा.

कागद नंतर करू, गाडी आजच न्या, असं काका तीनतीनदा म्हणाले. मग पुढचा प्रश्न आला. सीटा दोन आणि आम्ही तिघं!

"सूनबाई बसंल," आबा म्हणाले. "तिच्या पसंतीची हाय. मी जातो एसटीनं."

सासरा एसटीत आणि सून उघड्या गाडीत? हसनाबादच्या वेशीतून? मी जोरजोरात मान हलवली. म्हणजे बघा, मला नकार देता येतो. फक्त जो नकार दिल्यानं माझं नुकसान होणार असतं, तोच येतो. आबा दोनदा नको म्हणाले, पण तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत त्यांचा एक पाय गाडीत होता.

"मायला फोन करू नको," हे मला कानात म्हणाले. "मी दारात गाडी उभी करून दाखवतो. तिचं तोंड बघायचंय मला."

त्यांना बघायचं होतं. मला मात्र त्याआधी त्या तोंडासमोर उभं राहायचं होतं!

मी एसटीत बसले. बायकांना अर्धं तिकीट, तेवढाच काय तो दिलासा. गाडी आमच्या आधी पोचेल, जे काय व्हायचं ते माझ्यामागं होऊन जाईल, असा हिशेब मी मनाशी केला. पण दोन वर्षं उभी असलेली ती गाडी! आधी पेट्रोल, मग हवा, मग राजूरच्या गणपतीला नारळ. आमची एसटी खडखडत तिच्या पुढं निघून गेली.

मी दारात पाऊल टाकलं. आत्याबाई ओसरीत तांदूळ निवडत बसलेल्या. त्यांनी माझ्या मागं बघितलं. कुणी नाही. पुन्हा माझ्याकडं बघितलं.

"एकटीच? एसटीनं आलीस?"

मी मान हलवली.

"म्हणजे गाडी न्हाई घेतली!"

"आत्याबाई, ते…"

"अगं बाई! म्हणलीस का तू? 'न्हाई' म्हणलीस?" त्या सूप बाजूला सारून गुडघ्याचा विचार न करता उठल्या. "आन् म्हणून तो फुगून बसला असंल कुठं बापाला घेऊन! बसू दे. कौसे! ए कौसे! ये जल्दी!"

कौसाबाई आल्या. मी म्हटलं, "मी काय म्हणते, आत्याबाई, गाडी…"

"गाडीचं नावबी काढू नको आता. कौसे, ऐकलं का? मी महिनाभर ओरडून थकले, आन् ह्या पोरीनं एका शब्दात काम केलं. एका शब्दात!"

"हौ ना," कौसाबाई म्हणाल्या. "कमी बोलणाऱ्याच्या शब्दाला वजन राहतं बाप्पा."

मी तिसऱ्यांदा तोंड उघडलं. आत्याबाईंनी त्यात गूळ घातला. त्या दिवशी मी तोंड उघडेन तिथं कुणीतरी काहीतरी गोड घालत होतं! मग रवा भाजायला घेतला, शिऱ्यासाठी. तूप हात सैल सोडून. मला पाटावर बसवलं. "तू हलू नको आज," म्हणाल्या. भाजलेल्या रव्याचा वास सुटला. आत्याबाई कढईपाशी उभ्या राहून कौसाबाईंना सांगत होत्या, की आता मोठी गाडी घ्यायची, मागं पाय लांब करून बसायचं, कौसे तुलाबी नेईन देवदर्शनाला. मी पाटावर बसून त्या शिऱ्यात किती साखर पडतेय ते बघत होते. आयुष्यात इतकी शरम कधी वाटली नाही. शिरा मात्र दोन वाट्या खाल्ला.

तिसरी वाटी हातात होती तेव्हा हॉर्न वाजला.

साधा नाही. बारीक, चिरका, लाडात आलेला हॉर्न. आत्याबाईंच्या हातात उलथनं तसंच राहिलं. आम्ही तिघी दारात आलो.

दारात ती लाल गाडी. धुळीनं माखलेली, बॉनेटवर पाच बोटं शाबूत. स्टिअरिंगपाशी हे. आणि शेजारी आबा! टॉवेल फेट्यासारखा बांधलेला, डोळ्यांवर यांचा गॉगल, गळ्यात राजूरचा झेंडूचा हार, जो गाडीला घालायचा राहिला असावा.

"काय बघतीस?" आबा ओरडले. "ओवाळ! तुझ्या सुनेनं पसंत केलीय! आम्ही उठून निघालो होतो, तिनं कुंकू लावून थांबवलं!"

कौसाबाईंनी हातातला शिरा हळूच कट्ट्यावर ठेवला.

आत्याबाई माझ्याकडं वळल्या. आवाज अगदी खाली. "तू न्हाई म्हणलीच न्हाईस?"

"नाही," मी म्हटलं.

या घरातला माझा पहिला 'नाही' तो असा कामी आला.

त्या तडक वळल्या. आत जाऊन ताट आणलं, ओवाळलं. तोंड असं, की निरांजनाची ज्योत मागं झुकावी. मग आबा उतरले, गळ्यातला हार काढून गाडीच्या आरशाला अडकवला आणि म्हणाले, "बस बरं. बघ तरी कशी हाय."

"मी न्हाई बसत ह्या डब्यात."

"घरच्या मोठ्या बाईनं बसायचं असतं पहिल्या दिवशी. बस."

रीत आली म्हटल्यावर त्या बसल्या. बसल्या म्हणजे काय, गाडी इतकी बुटकी की जवळजवळ जमिनीवरच पोचल्या. आणि पोचल्यावर गुडघा धरला. उठताच येईना! आबांनी हात दिला, कौसाबाईंनी काखेत धरलं, छे!

"राहू द्या, राहू द्या, ओढू नका," आत्याबाई कळवळल्या. "जरा दम खाऊ द्या गुडघ्याला."

"मंग एक चक्कर मारून आणतो माय, तवर मोकळा होईल," हे म्हणाले आणि गाडी सुरू केली.

वेशीपर्यंत, तिथून मारुतीच्या पारापर्यंत, बाजारातून परत. जिनं जन्मभर ट्रॉलीत मागं, चार बायकांच्या आड बसून गाव बघितलं, ती आज पहिल्यांदा पुढं बसली होती. आणि वर टप नाही, म्हणजे कोण बसलंय ते अख्ख्या गावाला दिसत होतं! पारावरची माणसं उठून उभी राहिली म्हणे. कुणी राम राम घातला. कुणी विचारलं, "काय मावशी, कुठं निघाली स्वारी?"

अर्ध्या तासानं परत आल्या तेव्हा आत्याबाईंच्या गळ्यात तो झेंडूचा हार होता.

"बरी हाय," त्या एवढंच म्हणाल्या. आणि उतरायची घाई अजिबात केली नाही.

आता दोन महिने झाले. बाजाराला जायचं, आत्याबाई पुढं. भोकरदनला दवाखान्यात, आत्याबाई पुढं. गुडघ्याला बुटकी सीटच सोसते, असा शोध लागलाय. गॉगलही त्यांचा वेगळा आलाय. पिशव्या ठेवायला मात्र जागा नाही, म्हणून पिशव्या घेऊन मी एसटीनं.

परवा अंबडला माझ्या मावसबहिणीचं डोहाळजेवण होतं. माझ्या माहेरी! यांनी सकाळी धीर केला.

"माय, आज पल्लवीला बसू दे गाडीत. तिच्या घरचं कार्य हाय."

"बसू दे की!" आत्याबाई लगेच म्हणाल्या. "मी कुठं अडवून राह्यले? जाईन मी एसटीनं, गुडघ्याचं काय, दुखून दुखून किती दुखंल." मग माझ्याकडं वळल्या. अगदी मायेनं, खरंच मायेनं विचारलं, "सांग गं पल्लवे. बसतीस का तू?"

आबा बघत होते. हे बघत होते. यांचे डोळे तर सांगत होते, की बोल, एकदा तरी बोल. 'हौ.' एवढंच म्हणायचं होतं. त्याला तर घोकायचीही गरज नव्हती.

मी खाली बघितलं.

"बघा!" आत्याबाई गॉगल लावत म्हणाल्या. "म्हणलं न्हाई मी? तिला न्हाई आवडत असं उघड्यावर बसायला. मुलखाची लाजरी पोर. चल महेश, उशीर होतोय."

गाडी गेली. मी पिशव्या उचलल्या आणि स्टँडची वाट धरली. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ 'नाही' असाही होऊ शकतो, हे माझ्या सासरच्या माणसांना शेवटी उमगलं होतं.